थरथरत्या हाताचा जमाखर्च

मामांची सही बँकेत जुळेना, तिथून हा शोध सुरू झाला. पीकविम्याची रक्कम खात्यात जमा झाली होती. पैसे काढायच्या स्लिपवर मामांनी तीनदा सही केली आणि तिन्ही वेळा शेवटचं अक्षर रेघेबाहेर नागमोडी पळालं. काउंटरवरच्या मुलाने संगणकावर पंचवीस वर्षांपूर्वीची ठसठशीत सही दाखवली आणि हात जोडले. मामा तिथे काही बोलले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "लोकांना वाटतं मी घेतलेली असते."

केज तालुक्यातल्या त्यांच्या गावात हा संशय त्यांनी सहा-सात वर्षं अंगावर वागवला. वरणाची वाटी तोंडाशी नेईस्तोवर निम्मी सदऱ्यावर सांडते म्हणून पंगतीला जाणं सोडलं. चहा कपबशीत घेणं बंद केलं, पेल्यात अर्धाच मागू लागले. मग माझ्या मुलाने त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातले एक आजोबा यंत्रातून बाहेर येतात, पाण्याचा ग्लास उचलतात आणि एक थेंब सांडत नाही. डोक्याला चीर नाही, टाका नाही, सगळं ध्वनिलहरींनी. मामांनी तो चार वेळा पाहिला आणि दोन गोष्टी विचारल्या. "आपल्याकडं होतं का हे? अन् किती लागतात?"

या दोन प्रश्नांची उत्तरं जमवण्यात माझे पाच-सहा महिने गेले. बीड जिल्ह्यातल्या ज्या घरात असं थरथरणारं माणूस आहे, त्या घराचे महिने आणि पैसे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

ही लहर कोणती

बीडमध्ये सोनोग्राफी म्हटलं की अजूनही एक सल उठते. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे या जिल्ह्यात ८०७ मुली उरल्या होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्या यंत्राच्या गैरवापराची किंमत आपण अजून मोजतो आहोत. कानाला ऐकू न येणारी तीच ध्वनिलहर वेगळ्या यंत्रातून मेंदूच्या उपचारासाठी वापरता येते, हे आपल्या लोकांना कळायला हवं. हे यंत्र वेगळं आहे, हे तर त्याहून नीट कळायला हवं. का, ते पुढे सांगतो.

या उपचाराचं नाव फोकस्ड अल्ट्रासाउंड, म्हणजे एका जागी एकवटलेली ध्वनिलहर. रुग्णाला एमआरआयच्या बोगद्यात झोपवतात. डोक्यावर शिरस्त्राणासारखं एक यंत्र असतं आणि त्यात ध्वनी सोडणारे १,०२४ बारीक घटक. प्रत्येकाची लहर इतकी मंद असते की वाटेतल्या मेंदूला तिचा त्रास होत नाही. सगळ्या लहरी जिथे भेटतात, तिथे मात्र तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत चढतं आणि ज्वारीच्या दाण्याएवढी जागा कायमची निकामी होते. कंपाचा चुकीचा संदेश ज्या गाठीतून जातो, तिथेच हा दाणा पाडायचा असतो. आधी कमी ताप देऊन बघतात. हात शांत झाला, जीभ जड पडली नाही, बोटांना मुंग्या आल्या नाहीत, तरच ताप वाढवतात. रुग्ण पूर्ण जागा असतो. मधेमधे त्याला कागदावर गोल गोल चक्री काढायला लावतात, आणि त्या चक्रीवरून डॉक्टरांना कळतं की नेम बरोबर लागला का.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात फ्राय बंधूंनी १९५०च्या दशकातच यावर काम केलं, पण तेव्हा लहर आत जायला कवटीचा तुकडा काढावा लागे. बंद कवटीतून नेम धरता येऊ लागल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१६मध्ये इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे निव्वळ हातकंपाच्या आजारासाठी मान्यता दिली. २०१८मध्ये कंपप्रधान पार्किन्सनसाठी, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्यासाठी, मान्यता मिळाली. दुसऱ्या बाजूचा उपचार काही महिन्यांच्या अंतराने करायला २०२२मध्ये परवानगी आली.

मामांना मी त्या व्हिडिओइतकाच एक अभ्यासही समजावून सांगितला. पहिल्या मान्यतेच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ७६ रुग्ण होते. तीन महिन्यांनी हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी घटला होता, वर्षाने ४० टक्क्यांनी. म्हणजे चांगला फरक, पण सरासरी माणसाचा कंप पुरता जात नाही. सुरुवातीला तिघांपैकी एकाहून जास्त जणांना चालताना तोल जाण्याचा किंवा बधिरपणाचा त्रास झाला. वर्षभराने चालण्याचा त्रास ९ टक्क्यांत आणि बधिरपणा १४ टक्क्यांत टिकला होता. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाने तोलाचा हा आकडा दोनदा वाचावा.

पहिले काही हजार जिल्ह्यातच

माझं ठाम मत असं की या उपचाराचा खर्च मोठ्या रुग्णालयात सुरू करू नये. तो बीडमध्ये, जवळजवळ फुकट सुरू होतो.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. बीडचं जिल्हा रुग्णालय, तालुक्यांची उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं असल्याने तिथे नाममात्र शुल्क भरावं लागतं. १९७४पासूनचं ते कॉलेज आपल्या जिल्ह्यात आहे आणि केज, धारूर, परळीच्या माणसाला ते एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. हात थरथरण्यामागे कधीकधी गोळीच असते. पित्तासाठी, मळमळीसाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन या औषधांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांची हळूहळू ओसरतात. दम्याची औषधं, फिटची काही औषधं, थायरॉइड वाढलेलं असणं, यांनीही हात कापतो. थायरॉइडची रक्ततपासणी बाहेर केली तरी काही शे रुपयांत होते. ती न करता मेंदूच्या उपचाराची चौकशी करणं म्हणजे विहिरीत पाणी आहे का ते न बघता मोटार बसवणं. कंप तरुण मुलामुलीला असेल तर शरीरात तांबं साठण्याचा विल्सन नावाचा आजार तपासायलाच हवा. तो औषधाने आटोक्यात येतो आणि उशीर केला तर जिवावर बेततो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना नेमकी सांगा. हात कधी कापतो? मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना की कप उचलताना? स्वस्थ हात कापत असेल, चाल मंदावली असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, तर संशय कंपवाताचा. काम करतानाच कापत असेल आणि वडिलांना किंवा आत्यालाही तसंच असेल, तर बहुधा इसेन्शियल ट्रेमर. मामांचं दुसरं निघालं. त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा हात परात धरताना थरथरायचा, हे तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं.

त्यानंतर न्यूरोलॉजिस्ट. अंबाजोगाईकडच्या लोकांना लातूर जवळ पडतं, बीड-गेवराईकडच्यांना छत्रपती संभाजीनगर, आष्टी-पाटोद्याकडच्यांना अहिल्यानगर. खासगी तपासणी फी साधारण ५०० ते १,००० रुपये. एमआरआय सांगितला तर खासगी केंद्रात ५ ते ८ हजार लागतात. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी बरेच कमी, फक्त नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. कंप काही तातडीचा नसतो, तेव्हा थांबावं.

मग औषध. इसेन्शियल ट्रेमरला प्रोप्रानोलॉल आणि प्रिमिडोन, कंपवाताला लेव्होडोपा-कार्बिडोपा. ही जुनी आणि स्वस्त औषधं आहेत, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त मिळतात. गोळी काही रुपयांना पडते. प्रोप्रानोलॉल दमा असलेल्याने घेऊ नये आणि कुणीच ते एकाएकी बंद करू नये. ही औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस घेऊनही फरक पडला नाही किंवा ती सोसवली नाहीत, तरच ध्वनिलहरींचा विषय निघतो. औषध न घेतलेल्या माणसाला कुणी सरळ यंत्राची तारीख देत असेल, तर त्या दारातून परत फिरा.

कवटी मोजल्याशिवाय गाडीत बसू नका

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट ही.

ध्वनिलहर हाडातून जाते आणि प्रत्येकाचं हाड सारखं नसतं. कवटीचं हाड बाहेरून आणि आतून टणक, मधे सच्छिद्र असतं. या दोहोंच्या घनतेचं गुणोत्तर काढतात. ते ०.४च्या आसपास किंवा वर असेल तर लहर नीट आत जाते. खूप खाली असेल तर कितीही जोर लावला तरी मेंदूत हवा तेवढा ताप चढत नाही, हाडच तापतं. रुग्ण अगदी योग्य, आजार अगदी योग्य, पैसे हातात, आणि तरीही उपचार होऊ शकत नाही, असं या एका आकड्याने होतं.

हा आकडा साध्या सीटी स्कॅनवरून निघतो. सीटी बीड, लातूर, संभाजीनगर कुठेही होतो. खासगीत २ ते ४ हजार रुपये. ज्या रुग्णालयात उपचार करायचा विचार आहे, त्यांना आधी फोन किंवा मेल करून त्यांच्या पद्धतीचा सीटी लेखी मागून घ्या. साधारणपणे डाय न देता, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा, हाडासाठीच्या सेटिंगचा सीटी लागतो. फिल्म चालत नाही, मूळ फाइलची सीडी किंवा पेनड्राइव्ह लागतो. सेंटरवाल्याकडून तो हक्काने मागा. फाइल पाठवा, उत्तर येऊ द्या, मगच तिकीट काढा. हे न करता घरातली दोन माणसं हजार किलोमीटर जाऊन "तुमची कवटी बसत नाही" ऐकून परत आली, तर चार हजारांच्या तपासणीसाठी तीस-चाळीस हजार मोडतात.

त्याच फोनवर आणखी विचारा: पेसमेकर आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, बंद जागेत जीव घाबरतो, तर चालेल का? यातलं काहीही असेल तर आधीच सांगा. बोगद्यात दोन-चार तास पडून राहावं लागतं. डोकं पूर्ण भादरतात, चौकट पक्की करायला तेवढ्या जागेला भूल देऊन चार खिळे कवटीला टेकवतात, डोक्याभोवती थंड पाणी खेळवतात. वारकऱ्याला किंवा सासुरवाशिणीला डोकं भादरणं लहान वाटणार नाही. घरी आधी बोलून ठेवा.

मोठी रक्कम

भारतात हे यंत्र मोजक्याच ठिकाणी आहे. कोइंबतूरचं रॉयल केअर हे त्यातलं सुरुवातीचं रुग्णालय. बीडच्या माणसाला जिल्ह्याबाहेर जाणं आलंच. खर्च लाखांत आहे आणि सात आकड्यांपर्यंत जातो. इतका का, हे समजलं तर घासाघीस कुठे करायची तेही समजतं. एमआरआयचं यंत्र अर्धा दिवस एकाच रुग्णासाठी अडकतं, शिरस्त्राण आयात केलेलं असतं, आणि डोक्यावर बसवायची रबरी टोपी व त्यासोबतचं काही साहित्य दर रुग्णाला नवं लागतं. या साहित्यात सवलत मिळत नाही. सवलत मिळते ती खोलीत, डॉक्टरांच्या फीमध्ये, तपासण्यांत. मुक्काम बहुधा एका रात्रीचा असल्यामुळे खोलीची बचतही फार नाही.

म्हणून इस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी आहेत का ते बघा: एका बाजूचा उपचार की दोन्ही, आधीचे सीटी-एमआरआय धरले आहेत का, मधेच नेम न लागल्याने थांबवावं लागलं तर किती परत, आणि पुढची वर्षभराची तपासणी आत की बाहेर. तिसरा मुद्दा विचारायला लोक लाजतात. लाजू नका. आधीच्या कमी तापाच्या चाचणीत परिणाम दिसला नाही तर चांगला डॉक्टर थांबतो, आणि त्या थांबण्याची किंमत आधी ठरलेली असावी.

दुसरा पर्याय डीबीएस. मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. मुंबई-पुण्यात हे वर्षानुवर्षं होत आलं आहे. खर्च साधारण ८ ते १५ लाख, बॅटरी कोणती यावर अवलंबून. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि दर वेळी पुन्हा काही लाख जातात. चार्ज करायची बॅटरी पुष्कळ जास्त टिकते, पण महाग असते. वस्तीवर लोडशेडिंग असेल, घरात चार्जिंग सांभाळणारं माणूस नसेल, तर हा प्रश्न खरा आहे. उलट डीबीएस दोन्ही हातांना एकत्र करता येतं, नंतर कमी-जास्त करता येतं, नको झालं तर बंद करता येतं. ध्वनिलहरींनी पाडलेला दाणा परत भरत नाही.

तिसरा पर्याय जाहिरातीत दिसत नाही आणि म्हणूनच मी तो मुद्दाम सांगतो. कवटीला लहान छिद्र पाडून सुईने तोच दाणा उष्णतेने पाडायचा. ही रेडिओफ्रीक्वेन्सीची जुनी शस्त्रक्रिया अजूनही होते. २०१७मध्ये बंगळुरूत एका गिटारवादकावर ती झाली, तेव्हा टेबलावर तो गिटार वाजवत होता आणि बोटं सुटलेली त्याला तिथेच कळली. यात बॅटरी नाही, आयात शिरस्त्राण नाही, म्हणून खर्च दोन्हींपेक्षा बराच कमी. कवटी उघडण्याचा, रक्तस्रावाचा धोका मात्र आहे. बंगळुरूचं निमहान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा या केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत. तिथल्या कंपविकार विभागात "आमच्या पेशंटला तिन्हींपैकी काय बसेल" हे एकाच वेळी विचारता येतं. ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे त्यांच्याकडे बहुतेकदा एकच उत्तर मिळतं.

कोण किती देतं

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आता पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही ५ लाखांचं. पण या योजना आजाराला पैसे देत नाहीत, यादीतल्या उपचाराला देतात. तेव्हा "कंपवाताला मिळतं का" असं विचारू नका. न्यूरोलॉजिस्टने लिहिलेलं उपचाराचं नाव घेऊन आरोग्यमित्राला विचारा, "हा उपचार कोणत्या पॅकेजात बसतो, आणि कोणत्या रुग्णालयात?" फुले योजनेची मदतवाहिनी १५५३८८, आयुष्मानची १४५५५. होकार आला तर रुग्णालयाचं नाव लिहून घ्या.

ज्यांचा मेडिक्लेम आहे त्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. विमा नियामकाने १२ आधुनिक उपचारांची यादी करून ते पॉलिसीतून सरसकट वगळायला मनाई केली आहे. त्या यादीत डीबीएसचं नाव सरळ आहे. एकवटलेल्या ध्वनिलहरींचं, म्हणजे हायफूचं नावही आहे, पण ते गर्भाशयाच्या धमनीच्या उपचारासोबत एकाच ओळीत लिहिलेलं आहे. या ओळीवरून मेंदूच्या उपचाराचा दावा अडवला जाऊ शकतो. शिवाय आधुनिक उपचारांना पॉलिसीत बहुधा वेगळी कमाल मर्यादा असते. दहा लाखांची पॉलिसी आहे म्हणून दहा लाख मिळतील असं धरू नका, ती मर्यादा पॉलिसीत शोधा. निघण्याआधी पूर्वमंजुरी लेखी घ्या. नकार आला तर तोही लेखी घ्या. त्यावर आधी कंपनीत तक्रार आणि मग विमा लोकपाल. आपला जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो आणि तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला निघण्याआधी काढा. मुंबईत पोचल्यावर तो मागितला की केजला परत यावं लागतं. डीबीएससाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांत हा रस्ता विचारण्यासारखा आहे. राज्याबाहेर तो चालत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत मेंदूचे आजार आहेत, पण रक्कम लाखाच्या आसपासची, आणि अर्ज उपचाराआधी किंवा चालू असताना करायचा असतो.

कंपवात असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मोफत निघतं. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या मुलाला वडिलांच्या कंपवाताच्या खर्चावर, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्यास, कलम ८०डीडीबीखाली वजावट मिळते, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत. शिक्षक, तलाठी, पोलीस, बँकेत नोकरीला असलेल्या घरांनी हे विसरू नये.

प्रवास आणि बुडालेले दिवस

एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना पूर्ण मोफत, ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट, महिलांना अर्धं. राज्याच्या हद्दीत हे पुरतं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये थांबली, ती धरू नका. १७ सप्टेंबर २०२५ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. एवढ्या वर्षांच्या वाट पाहण्यानंतर आजारी माणसाला बीडमधूनच गाडीत बसवता येतं, याचं मला फार अप्रूप आहे. कोइंबतूरला जायचं तर धाराशिवमार्गे सोलापूर गाठा, तिथून कुर्ला-कोइंबतूर एक्सप्रेस. एक दिवस आणि एक रात्र जाते. सोबतच्या माणसासह पाच-सहा दिवस मोजा आणि तितक्या दिवसांची मजुरी खर्चात धरा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तारीख पट्टा पडल्यावरची, एप्रिलनंतरची घ्यावी. मुकादमाकडून उचल काढून हा उपचार करू नका, जमीन तर विकूच नका. कंपाने जीव जात नाही, उपचार पुढच्या वर्षीही मिळेल. उसनवारीच्या व्याजाने थरथरणारं घर कुठल्या यंत्राने स्थिर होत नाही.

खोटं दुकान ओळखा

सुरुवातीला म्हटलं होतं की यंत्र वेगळं आहे. मामांना घेऊन फिरताना एका शहरात एका खोलीत आम्हाला "मेंदूची अल्ट्रासाउंड थेरपी" सांगितली. दहा बैठकी, आगाऊ पैसे. यंत्र पाहिलं तर फिजिओथेरपीत गुडघ्याला, खांद्याला लावतात ते. जेल लावून कानशिलावर फिरवायचे. ते यंत्र मेंदूत काही करू शकत नाही. गर्भाची सोनोग्राफी करणारं यंत्रही कंप थांबवू शकत नाही. ध्वनिलहरींनी मेंदूत दाणा पाडणारा उपचार एमआरआयशिवाय होतच नाही, आणि दहा बैठकींत होत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरी फसवणूक विसराळू आजी-आजोबांच्या नावावर होते. अल्झायमरमध्ये ध्वनिलहरींनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत थोडा वेळ सैल करून औषध आत पोचवण्याचे प्रयोग टोरंटोत आणि अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात झाले आहेत. जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या अहवालात तीन रुग्ण होते. तीन. हे संशोधन आहे, विकत मिळणारा उपचार नाही. अर्धांगवायू, मतिमंदत्व, स्वमग्नता, अर्धशिशी यांसाठीही नाही. कुणी "चाचणीत घेतो, इतके भरा" म्हणालं तर त्या चाचणीचा भारतीय नोंदणी क्रमांक मागा. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम राज्यात २०२१पासून आहे. आत शिरल्यावर आधी ती भिंत शोधा.

मामांचा हिशोब

अंबाजोगाईच्या तीन फेऱ्या, थायरॉइडची तपासणी, लातूरच्या डॉक्टरांची दोनदा फी, एक सीटी. एकूण सात हजारांच्या आत. प्रोप्रानोलॉलने कंप निम्म्यावर आला आहे. सीटीची फाइल आम्ही पाठवली, गुणोत्तर काठावरचं आलं. दूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की होईल, पण पूर्ण खात्री देत नाही. मामांनी आणखी वर्षभर गोळीवर राहायचं ठरवलं. वजनदार पितळी पेल्यात चहा घेतात, दोन्ही कोपरं टेबलाला टेकवून.

बँकेचा प्रश्न त्याआधीच सुटला. सही बदलली असेल तर नवी नमुना सही देता येते. अर्ज, फोटो, आधार आणि पासबुक घेऊन खातेदाराने स्वतः शाखेत जायचं. सही मुळीच जमत नसेल तर आजारी, वृद्ध खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने अंगठ्याची सोय ठेवली आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. मामांनी अंगठा नाकारला. सकाळची गोळी घेऊन तासाभराने गेले, काउंटरवर कोपर टेकवलं आणि नव्या कार्डावर सावकाश तीनदा सही केली.